महागाईचा आकडा आणि गरिबाची चूल

वाचकहो, दर महिन्याला सरकार महागाईचा आकडा जाहीर करीत असते. ऑक्टोबर २०२५ चा आकडा अवघा ०.२५ टक्का निघाला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून चाललेल्या मालिकेतील तो नीचांक होता. त्याआधी सव्वादोन वर्षांपूर्वी, म्हणजे जुलै २०२३ मध्ये, तोच आकडा ७.४४ टक्के होता आणि अन्नपदार्थांची महागाई साडेअकरा टक्क्यांवर पोचली होती. हे ऐकून एखादी माउली विचारील की, महागाई सरली म्हणता, मग माझा महिन्याचा बाजार स्वस्त का झाला नाही? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. तो अगदी मुद्द्याचा आहे. आकडा उतरला म्हणजे सारे भाव उतरले असे होत नाही. शंभराचा जिन्नस एकशे दहावर गेला आणि पुढल्या वर्षी तेथेच थांबला, तर महागाई शून्य झाली असे कागदावर लिहिले जाते. गिऱ्हाईक मात्र एकशे दहाच मोजीत राहते. शिवाय त्या वर्षी भाज्या व डाळी उतरल्या हे खरे असले, तरी खाद्यतेल चढतच होते. सरासरीच्या पोटात एकाची स्वस्ताई आणि दुसऱ्याची महागाई अशी एकत्र नांदत असते.

तेव्हा पहिला विचार करावयाचा तो हा की, ही सरासरी कोणाच्या टोपलीची आहे? गरीब कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा असतो आणि मिळकत वाढेल तसा तो घटत जातो, ही गोष्ट एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिली. आपल्या देशात २०२२-२३ साली झालेल्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सरासरी ४६ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चात ३९ टक्के आढळला. ही झाली सर्वांची सरासरी. हातावर पोट असणाऱ्याचा वाटा याहून अधिक. समजा, एका घराची मिळकत महिना १२,००० रुपये असून त्यातले ७,००० रुपये अन्नावर जातात. दुसऱ्या घराची मिळकत ८०,००० रुपये असून अन्नावर १६,००० जातात. अन्नाचे भाव दहा टक्के वाढले, तर पहिल्या घरावर ७०० रुपयांचा, म्हणजे मिळकतीच्या जवळजवळ सहा टक्क्यांचा भार पडतो. दुसऱ्यावर १,६०० रुपयांचा, म्हणजे दोन टक्क्यांचा. बाजार एक, भाव एक, परंतु घाव मात्र तिप्पट!

आणि हिशेब येथेच संपत नाही. ज्याच्या हाती पैसा आहे तो तेलाचा डबा घेतो. ज्याच्या हाती दिवसाची मजुरी आहे तो पावशेर तेल घेतो आणि त्या पावशेराला अधिक दर मोजतो. रोख देणारा चार दुकाने फिरून भाव पाहतो. उधारीवर नेणाऱ्याला दुकानदार सांगेल तो भाव. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा खात्यापित्या घरांनी कुरकुर केली. गरिबाच्या आमटीत पाणी वाढले. डाळ गेली की पाठोपाठ दूध जाते, मग भाजी, मग औषध, मग मुलीची शाळेची फी. त्या घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी कोण, हे तुम्हांस सांगावयास नको.

हा प्रश्न केवळ पोटाचा असता, तरी तो मोठाच होता. परंतु तुमच्या दृष्टीने तो त्याहून मोठा आहे. तुमच्या वाडवडिलांनी बलुत्याच्या धान्यावर आणि वतनाच्या तुकड्यावर गावकी केली. त्या धान्याला बाजारभाव नव्हता, तसाच त्या कामाला मानही नव्हता. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली. वतनाची बेडी तुटली, हाती रोख मजुरी आली, आणि मनुष्य आपल्या श्रमाचा मालक झाला. परंतु रोख मजुरीचे मोल बाजार ठरवितो. रुपये तेवढेच राहिले आणि भाव वाढले, म्हणजे मजुरी कापली गेली. कोणी हात न लावता कापली गेली. मग उणे पडते ते उधारीने भरावे लागते. आणि ज्याच्या वहीत आपले नाव आहे, त्याच्या तोंडावर खरे बोलण्याची छाती किती जणांस होते? मतदानाच्या दिवशी, पाणवठ्याच्या तंट्यात, मजुरीच्या बोलणीत ही वही आपले तोंड बांधते. महागाईतून कर्ज आणि कर्जातून मिंधेपणा, असा हा जुन्या गुलामीकडे नेणारा चोरदरवाजा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा दरवाजा फार पूर्वी ओळखला होता. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाचा आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडलेल्या म्हणण्याचा आशय हाच होता की, चलनाचे मोल घसरून भाव चढले म्हणजे मजुरी भावांच्या मागे रेंगाळते, आणि व्यापारी वर्गाला जो लाभ होतो तो मजुराच्या खिशातून होतो. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले; त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. मूळ वेतनाबरोबर राहणीखर्चाच्या आकड्यानुसार बदलणारा भत्ता देण्याची सोय त्या कायद्यात होती. किमान वेतनात काय काय धरावे हे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने ठरविले. एका कमावत्याच्या मिळकतीत तीन प्रौढांइतका आहार, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण इत्यादींसाठी आणखी २५ टक्के त्यात धरावे असे सांगितले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांच्या सनदेत भूमिहीनांना जमीन या मागणीबरोबरच धान्याचे पुरेसे वाटप आणि वाढत्या भावांवर नियंत्रण याही मागण्या होत्या. भावाचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे, ही आपल्या चळवळीची जुनी शिकवण आहे.

कोणी म्हणेल, भत्ता आकड्याला बांधला म्हणजे झाले. तसे नाही. आकडाच चुकला तर? १९६३ मध्ये मुंबईच्या कामगारांनी अशीच तक्रार केली की, भाव चढतात, परंतु निर्देशांक त्या मानाने हलत नाही. प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. निर्देशांक प्रत्यक्षापेक्षा कमी निघत होता असे ठरले, आणि दुरुस्ती करावी लागली. कामगार गप्प बसले असते तर ते सिद्ध झाले असते काय? शेतमजुरांच्या निर्देशांकाची कथा याहून विलक्षण. १९८३ साली झालेल्या पाहणीवरून शेतमजुराची टोपली ठरविली गेली. तीत अन्नाचा वाटा ६९ टक्क्यांहून अधिक होता. तीच टोपली २०२५ पर्यंत कायम राहिली. त्या वर्षी कोठे २०१९ हा नवा पाया आला. मधल्या चार दशकांत खाजगी दवाखाना, शिकवणी, बसभाडे, मोबाईल हे सारे खर्च मजुराच्या घरात शिरले, परंतु मजुराच्या आकड्यात त्यांना पुरेशी जागा मिळाली नाही. रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०११ पासून याच आकड्याशी जोडली गेली होती. अन्न स्थिर आणि दवाखाना महाग अशा काळात असा आकडा मागे पडतो, आणि त्याच्याबरोबर मजुरीही.

रेशनचे धान्य आहे ना, असेही कोणी म्हणेल. आहे, आणि तो आधार थोडा नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. परंतु पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. उरलेले धान्य, डाळ, तेल, मीठमिरची, इंधन हे सारे बाजारातूनच आणावे लागते. आणि हे धान्य कोणाची मेहेरबानी नव्हे. तो कायद्याचा हक्क आहे. वजनात किलोभरही कमी पडले तर पावती मागून जाब विचारावा.

तर मग करावे काय? १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती उभी राहिली, आणि बायका हाती लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी महागाई पुस्तकांत वाचली नव्हती; चुलीपुढे मोजली होती. आमचे तुम्हांस सांगणे आहे की, तुम्हीही मोजा. घरात एक वही ठेवा. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, दूध, कांदा, इंधन, बसभाडे, औषध, शाळेचा खर्च, एवढ्यांचे भाव दर महिन्याच्या एक तारखेला लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्या. शेजारीच मिळालेली मजुरी मांडा. वस्तीतल्या दहा घरांनी असे केले आणि महिन्यातून एकदा वह्या एकत्र वाचल्या, तर वर्षाअखेर हाती जो कागद येईल तो तक्रारीचा सूर नसेल, पुरावा असेल. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तो आपल्या मालकाने दिला की नाही हे त्या वहीवरून कळेल, आणि न दिल्यास कामगार अधिकाऱ्यापुढे काय ठेवावे हेही कळेल. त्याच दहा घरांनी मिळून तेलाचा डबा आणि डाळीचे पोते घेतले, तर पावशेराचा चढा दर वाचेल आणि दुकानदाराच्या वहीतले एकेक नाव पुसले जाईल.

वहीने भाव उतरणार नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु आजवर आपल्या घरची महागाई दुसऱ्यांनी मोजली आणि आपण ती मान खाली घालून सोसली. गावकीची वही एके काळी दुसऱ्याच्या हाती होती, म्हणून आपले देणे कधी फिटत नव्हते. लिहिण्यावाचण्याचा हक्क ज्यांनी एवढ्या कष्टाने मिळविला, त्यांनी आपल्या चुलीचा हिशेब तरी दुसऱ्याच्या हाती ठेवू नये. येत्या एक तारखेपासून आरंभ करा.