तारांकित पंगतीत गोमंतकाचे पान

गेल्या चैत्रात बडोद्याहून आमचे एक जुने स्नेही सहकुटुंब गोव्यास आले होते. त्यांचे पणजोबा गायकवाडी अमदानीत चाकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि घराणे तेथेच रुजले. तथापि कुलदैवत मंगेशीस, आणि स्वयंपाकघरात आमसुले व तेफळे यांना आजही मान. देवदर्शन यथासांग झाल्यावर एक संध्याकाळ समुद्रकाठच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात घालवावी, असा त्यांनी आग्रह धरला. आम्हीही तो मोडला नाही. त्या हॉटेलाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. जे त्या एका ठिकाणी घडले ते किनाऱ्यावरील इतर अनेक ठिकाणी घडले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

व्यवस्थेत नाव ठेवण्याजोगे काही नव्हते. पांढरेशुभ्र मेजपोस, मंद दिवे, कोपऱ्यात कोणी हलकेच पियानो वाजवीत होते, आणि काचेपलीकडे अंधारत जाणारा समुद्र. बारच्या फळीवर स्कॉटलंडची व्हिस्की होती, कॅरिबियन बेटांवरची रम होती, मेक्सिकोची टकिलाही होती. आमच्या स्नेह्यांनी मोठ्या उत्सुकतेने फेणी मागितली. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे गोव्यात आल्यावर पणजोबांच्या मुलखातले एक पेलाभर पेय चाखावे, एवढीच त्यांची हौस. वाढप्याने प्रथम इंग्रजीत, नंतर हिंदीत दिलगिरी व्यक्त केली. आम्ही कोंकणीत बोललो तेव्हा त्याचा चेहरा बदलला. मुलगा पेडण्याकडचा निघाला. "हांगा ती मेळना, बाब," तो हळूच म्हणाला आणि ओशाळल्यासारखा उभा राहिला.

जेवणाचीही तीच गत. भल्या जाड खाद्यसूचीत इटलीचे, चीनचे, थायलंडचे आणि पंजाबचे पदार्थ पानेच्या पाने भरून होते. गोव्याच्या वाट्याला आल्या होत्या चार ओळी. त्यांत विंदालू, शागोती आणि 'गोवन फिश करी'. ती करी आली ती टोमॅटोने लाल आणि सायीने गुळगुळीत. आंबटपणा भिरंडीच्या सोलाचा नव्हता, तेफळाचा तर वासही नव्हता. स्नेह्यांच्या मातोश्री शिवराक जेवणाऱ्या. त्यांच्यापुढे पनीर ठेवण्यात आले. सोलकढी विचारली तर लिंबाचा सोडा सुचविण्यात आला. शेवटी ताटे उचलताना तो मुलगा आमच्याजवळ किंचित वाकला आणि म्हणाला, "आज आमच्या स्टाफच्या जेवणाला बांगड्यांचे हुमण आहे. पण ते बाहेर आणता येत नाही."

हे वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. म्हणजे जे आम्ही मागत होतो ते त्याच छपराखाली, एका भिंतीपलीकडे, चुलीवर रटरटत होते. ते रांधणारे हात होते, ते आवडीने खाणारी माणसे होती, मासळी होती, खोबरे होते. नव्हती ती एकच गोष्ट: हे अन्न पैसे मोजणाऱ्या पाहुण्यापुढे ठेवण्याच्या योग्यतेचे आहे, ही चालकांची खात्री.

गोव्यात मोठ्या हॉटेलांची चाल काही आजकालची नव्हे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनासाठी येणाऱ्या पाहुण्यांची सोय म्हणून पणजीचे मांडवी हॉटेल १९५२ साली उभे राहिले, तेव्हा येथे पोर्तुगीज अंमल होता. आग्वादच्या किल्ल्याला लागून ताज समूहाने १९७४ मध्ये आपले विश्रामस्थान उघडले, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुख दिल्लीच्या परिषदेमधून दोन घटका विसाव्यासाठी तेथेच आले. त्यानंतर बाणावलीपासून मोरजीपर्यंत किनारा हॉटेलांनी भरत गेला. या धंद्याने आमच्या हजारो घरांत पगार आणला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु प्रारंभापासून पाहुण्याला जो गोवा दाखविण्यात आला तो प्रामुख्याने युरोपचा एक तुकडा म्हणून. चर्च, नाच, मद्य आणि समुद्र. त्या चित्रात तुळशीवृंदावन बसत नव्हते; मग त्या अंगणामागचे स्वयंपाकघर तरी कोठून बसावे?

येथे एक गैरसमज होऊ नये. विंदालू, काफ्रेआल वा सोरपोतेल यांच्याशी आमचे भांडण नाही. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या चुलीवरचे अन्न आमच्याइतकेच गोमंतकीय आहे, आणि त्यांच्याही घरची साधी शीत-कडी या सूचीत नसते, हे ध्यानात घ्यावे. मिरची, टोमॅटो, बटाटा हे सर्व समुद्रापलीकडून आले आणि दोन्ही स्वयंपाकघरांत सारखेच नांदले. ज्या काजूच्या जोरावर फेणीचा डौल, ते झाडही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले. तेव्हा अस्सल-नक्कल असा सोवळेपणाचा वाद आम्हांस घालावयाचा नाही. आमचे म्हणणे इतकेच, की खतखते, उडदमेथी, तिसऱ्यांचे सुके, अळसांद्याचे तोणाक, मुगागाठी, किसमूर, पातोळ्या, मणगणे हा जो या भूमीतील हिंदू घरांचा शतकानुशतकांचा ठेवा, त्याला या भूमीतील सर्वांत सजविलेल्या मेजावर जागा नसावी, हे विपरीत आहे.

ही चव टिकविण्यासाठी काय सोसावे लागले याची आठवण ठेवणारे आता थोडे उरले आहेत. धर्मसमीक्षण सभेच्या १७३६ च्या आज्ञापत्रात नवख्रिस्त्यांना ज्या रूढी वर्ज्य ठरविण्यात आल्या, त्यांत हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजविण्याची रीतही होती. भात शिजविताना मीठ घालावे की नंतर, एवढ्या बारकाव्यापर्यंत सत्तेचा हात पोहोचला होता. कारण सत्तेला ठाऊक होते की माणूस देऊळ सोडील, नाव बदलील, पण जिभेची सवय सहजासहजी सोडणार नाही. त्या आज्ञेतूनही जे स्वयंपाकघर तगले ते आज एका खाद्यसूचीपुढे हरते आहे, आणि तेही कोणी जबरदस्ती केल्यावाचून.

आता फेणीविषयी. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मद्य उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि ज्यांच्या येते त्यांच्याही घरी त्याची वाच्यता होत नाही. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार प्रत्येक वाड्यावर दाखविता येतील. तरीही फेणीशी आमचे नाते केवळ व्यसनाचे नाही. पडसे झाले की आजीने छातीला फेणी चोळावी आणि गावच्या राखणदारापुढे रोटाबरोबर ती ठेवावी, ही चाल आमची आहे. राखणदाराला जी चालते ती हॉटेलच्या मॅनेजराला चालू नये, ही मौज मात्र अलीकडची.

फेणी करणाऱ्याचे कष्ट त्या बारमधील किती जणांस ठाऊक असतील? काजूची बोंडे झाडावरून तोडावयाची नसतात. पिकून खाली पडतील ती वेचावयाची. मग ती तुडवून रस काढावयाचा, तो आपोआप आंबू द्यावयाचा, आणि भाटीवर चढवावयाचा. पहिल्या उकळीचा तो हुर्राक; तो सौम्य, आणि उन्हाळ्याचे जेमतेम तीन महिने मिळणारा. तोच पुन्हा उकळला की फेणी. सत्तरी, डिचोली, काणकोण भागांत डोंगरउतारावर कुटुंबेच्या कुटुंबे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत या कामाला जुंपलेली असतात. माडाच्या फेणीची कथा तर अधिकच करुण आहे. दिवसातून वारंवार माडावर चढून सूर काढणारा रेंदेर दुर्मिळ होत चालला आहे, आणि त्याच्या मुलाला त्या धंद्यात राहण्याची इच्छा नाही. त्याला दोष कोण देणार?

कायद्याची वागणूकही पाहा. फेणीची गणना दीर्घकाळ 'देशी दारू' या सदरात होत आली आणि त्यामुळे गोव्याच्या सीमेबाहेर तिला बाजारच मिळाला नाही. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले. २०१६ मध्ये गोवा सरकारने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून फेणीला राज्याचे वारसा-पेय ठरविले. तेव्हापासून काही बारमध्ये तिचे दर्शन पुन्हा घडू लागले आहे, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. परंतु तेथेही बहुधा ती फळांचे रस आणि पाक यांत इतकी बुडविलेली असते की तिचा तो दांडगा वास पाहुण्याच्या नाकास लागूच नये. ज्याच्या वासाची आपल्यालाच लाज वाटते त्या पदार्थाला वारसा म्हणून मिरविण्यात अर्थ काय?

हॉटेलचालकांचा युक्तिवाद आम्हांस ऐकून ठाऊक आहे. पाहुण्याला जे हवे तेच आम्ही देतो, असे ते म्हणतात. मग तोच पाहुणा दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याची दुचाकी घेऊन म्हापशाच्या वा पणजीच्या खाणावळीत राईस-प्लेट शोधीत का फिरतो? त्याच्यासमोर हुमण आणि सोलकढी ठेवून पाहिली आणि त्याने ती परत पाठविली, असा अनुभव या मंडळींच्या पदरी कितीसा आहे? दुसरा युक्तिवाद ताज्या मासळीच्या बेभरवशाचा. जून व जुलैमधील ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत ताजी मासळी कमी मिळते, हे खरे. परंतु गोमंतकीय गृहिणीने या अडचणीचे उत्तर केव्हाच शोधले आहे. सुके बांगडे, सुकी सुंगटे, खतखते आणि पावसाळी रानभाज्या हे त्या दिवसांचे वैभव होय. शीतगृहातील परमुलखी मासा नव्हे. काही ठिकाणी वर्षातून एकदा 'गोवन सप्ताह' साजरा होतो. तेव्हा दारात बैलगाडी उभी करतात, वाढप्यांच्या कमरेला काश्टी नेसवितात आणि मातीच्या भांड्यांतून वाढतात. आपल्याच घरात आठ दिवसांचे पाहुणे होण्याचा हा सोहळा आम्हांस मुळीच रुचत नाही.

पर्वरीच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेतून दरवर्षी तरुण-तरुणी बाहेर पडतात. फ्रेंच सॉस करण्याचे शिक्षण त्यांनी जरूर घ्यावे. पण फोंडा महालातील एखाद्या अनुभवी सुगरणीला महिनाभर तेथे सन्मानाने, मोबदला देऊन बोलावावे आणि तेफळ केव्हा ठेचावे, केव्हा अख्खे टाकावे हे तिच्याकडून शिकावे, यात अवघड ते काय? पर्यटन खात्याने सवलती देताना, परवाने नूतन करताना, खाद्यसूचीत स्थानिक अन्नाचा आणि बारमध्ये नितळ फेणीचा समावेश आहे की नाही, हे विचारावे. फेणी ज्या गावच्या भाटीची त्या गावाचे नाव सूचीत छापावे, जसे स्कॉटलंडचे लोक आपल्या दऱ्याखोऱ्यांची नावे अभिमानाने छापतात. भेसळीलाही त्यामुळे थोडा आळा बसेल. आणि आम्ही गोमंतकीयांनीही, जेव्हा लग्नाच्या स्वागत-समारंभासाठी अशा हॉटेलांची पायरी चढतो, तेव्हा पनीर आणि मंचुरियन यांच्या रांगेत निमूटपणे उभे राहण्याऐवजी आपले पदार्थ मागावेत. त्या दिवशी हुकूम आमचा चालतो, कारण पैसे आमचे असतात. तरी आम्ही तोंड उघडीत नाही.

आमच्या स्नेह्यांची हौस दुसऱ्या दिवशी फोंड्याजवळच्या एका घरी पुरी झाली. केळीच्या पानावर उकड्या तांदळाचा भात, बांगड्यांचे हुमण, मातोश्रींसाठी खतखते, आणि ओसरीवर हुर्राकाचा एक पेला. परत निघताना त्यांनी किलोभर आमसुले आणि सुकी तेफळे बांधून घेतली. यजमानांनी भेट दिलेली फेणीची बाटली मात्र गुजरातेत नेता येईना. ती आमच्या कपाटात आहे, पुढल्या चैत्रापर्यंत.