घडणावळ एवढी कशी?

मागच्या स्नेहसंमेलनात 'निसर्ग आणि अलंकार' असे प्रदर्शन भरले होते. बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार, बेलपान, गोखरू! शेतात पायाला बोचणारे गोखरूदेखील आपल्या बायकांनी हौसेने मनगटावर चढवले. प्रत्येक दागिन्यापुढे मालकिणीचे नाव होते. घडविणाऱ्याचे मात्र एकाही ठिकाणी नव्हते. त्यातली एक बोरमाळ माझ्या आजोबांच्या हातची होती. मी गप्प राहिले, याची आज लाज वाटते.

आजोबा इतवारीतले सोनार. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, तेव्हा ते शिकाऊ पोर होते. पणजोबांनी ऐरण गुंडाळून शेंगांची हातगाडी लावली. पुढे ती बंदी उठली, आजोबा परत ऐरणीवर बसले. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. पण तोवर 'पोराला हे काम नको' असे घरात ठरून गेले होते. बाबा ऑटो चालवतात.

बोरमाळेचा मणी भरीव नसतो. पातळ पत्रा ठशात ठोकून दोन वाट्या करायच्या, त्या झाळून जोडायच्या आणि आत लाख भरायची, म्हणजे मणी चेपत नाही. लाखेचे किडे पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर वाढतात. तेव्हा बोराच्या मण्यात बोरीचीच लाख असू शकते! माझे मणी पाहून आजोबा म्हणाले, "काय वं पोरी, झाडाची बोरं कधी इतकी सारखी असतात काय?"

यंत्राला माझा विरोध नाही. एक ग्रॅमवाली बोरमाळ मलाही आवडते, आणि आमच्या गल्लीत तीच परवडते. माझे म्हणणे घडणावळीबद्दल आहे. सोन्याचा भाव दूरच्या बाजारात ठरतो, तो आपण मुकाट्याने देतो. हुज्जत घालतो ती समोर मांडी घालून बसलेल्या माणसाशी, "घडणावळ एवढी कशी?" म्हणून. ज्याने बोर नीट पाहिले, त्याच्याच पैशाला कात्री! कलेवर निबंध लिहिणारे आपणही हेच करतो.

रविवारी मी आजोबांजवळ बसून लाख भरते. बाबांना ते रुचत नाही, "याकरता कॉलेजात घातलं काय?" असे ते विचारतात. यंदा प्रदर्शन भरले, तर बोरमाळेपुढची चिठ्ठी मीच लिहून आणणार आहे. तिच्यावर आजोबांचे नाव राहील, आणि त्यांना मिळालेल्या घडणावळीचा आकडाही.