‘कोण होणार?’ की ‘काय करणार?’

मूल दहावीच्या उंबरठ्यावर आले की आमच्या सुशिक्षित घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : ‘तू कोण होणार?’ उत्तरही ठरलेले. डॉक्टर अथवा कलेक्टर. क्वचित कोणी ‘काय करणार?’ असे विचारतो, पण त्यालाही उत्तर हवे असते ते पदाचेच. क्रियापदांतील हा फरक क्षुल्लक नव्हे. तरुणांच्या निराशेचे मूळ बऱ्याच अंशी त्यातच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘होणे’ हे परस्वाधीन असते. २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेस १०,१६,८५० अर्ज आले, पूर्वपरीक्षेस ५,९२,१४१ उमेदवार बसले आणि अखेर शिफारस झाली ती १,०१६ जणांची. उरलेले सारे आळशी वा मंदबुद्धी होते, असे कोणता शहाणा म्हणेल? जागाच तेवढ्या! जेथे बहुतेकांनी हरणे आधीच ठरलेले आहे, ते ध्येय सरसकट सर्वांस शिकविणे ही महत्त्वाकांक्षा नव्हे; ती सोडत होय.

‘करणे’ कसे असते हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे जैन मंदिरांच्या भांडारांत जुनी हस्तलिखिते जपून ठेविलेली होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे हीरालाल जैन यांनी त्यांत लक्ष घातले. काम किचकट : प्रती ताडून पाहाव्या, पाठ निश्चित करावा, मग छापावा. कारंजाहून १९३३ साली त्यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ निघाले, १९३४ साली ‘करकंडचरिउ’. पुढे १९३९ साली ‘षट्खंडागमा’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पुरे झाले. पहिल्या पोथीवर थांबावे लागले असते, तरी ती पोथी वाया गेली नसती. चांगल्या ध्येयाची हीच कसोटी : अर्ध्यावर राहिले तरी त्यातले काही जगाच्या उपयोगी पडते. साध्य ध्येय म्हणजे लहान ध्येय नव्हे. ज्याची उद्याची पायरी आज ठाऊक असते, ते साध्य.

‘भरल्या पोटी हा उपदेश सोपा आहे,’ असा आक्षेप येईल, व तो वाजवी आहे. कोरडवाहू सोयाबीनवर ज्याचा संसार चालत नाही, त्याच्या मुलाने पगाराची नोकरी शोधावी यात गैर काहीच नाही. परंतु चरितार्थ ही गरज होय, ध्येय नव्हे. आणि गरज वर्षानुवर्षे एकाच दारी ताटकळत ठेवता येत नाही. आयोगानेही खुल्या प्रवर्गास सहाच संधी दिल्या आहेत. घराने किती द्यावयाच्या, हे आधीच ठरविण्यात कमीपणा कसला?

वाशीम जिल्ह्याचे नाव २०१८ साली केंद्र शासनाच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत आले. जिल्ह्याची ही आकांक्षा मोजली जाते ती ४९ निर्देशकांवर : रुग्णालयात प्रसूती किती, लसीकरण किती, शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृहे किती. शासनास जे उमगले, ते आमच्या घरांस का उमगू नये? ही कामे करणारी परिचारिका, शिक्षक, गवंडी कोणत्याच घराच्या स्वप्नात नाहीत. आणि त्यांच्यावाचून जिल्हा तर एक पाऊलही पुढे सरकत नाही. पालकांनी प्रश्न तेवढा बदलावा; मुले उत्तर बदलतील.