मंदीची तारीख विचारू नका, कर्ज मोजा

बाजाराची आवर्तने ठरलेली असतात, मागच्या मंद्यांची वर्षे ओळीने मांडली की पुढच्या मंदीची तारीख काढता येते, असे छातीठोक सांगणारे प्रत्येक पिढीत निघतात. हे मत चुकीचे आहे आणि सामान्य बचतदाराला घातकही आहे.

आधी पूर्वपक्ष नीट समजून घेऊ. इंग्लंडमध्ये 1825, 1837, 1847, 1857 आणि 1866 या वर्षांत आर्थिक अरिष्टे आली. अंतर साधारण दहा वर्षांचे. जेव्हन्ससारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने त्याचा संबंध सूर्यावरील डागांशी जोडला: डागांवर हवामान, हवामानावर पिके, पिकांवर व्यापार. पुढे रशियात कोंद्रात्येव्हने पन्नास-साठ वर्षांच्या दीर्घ लाटा मांडल्या. दोघेही व्यासंगी होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही.

पण ते पुराव्यावर टिकत नाही. जेव्हन्सने सूर्यडागांचे आवर्तन आधी सुमारे 11.1 वर्षांचे धरले होते, नंतर 10.45 वर्षांचे अनुमान पुढे आले, ते अरिष्टांच्या अंतराशी जुळले आणि त्याने ते स्वीकारले. कोंद्रात्येव्हच्या हाताशी जेमतेम अडीच लाटांची आकडेवारी होती. एवढ्या तुटपुंज्या उदाहरणांवर नियम उभा राहत नाही. भाकितांचेही तेच: ऑक्टोबर 1929 मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांनी शेअरभाव कायमच्या उंचीवर स्थिरावल्याचे सांगितले आणि त्याच महिन्यात बाजार कोसळला. डाऊ जोन्स निर्देशांक त्या सप्टेंबरात 381 होता, जुलै 1932 मध्ये तो 41 वर आला. अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कौल्स यांनी 1933 मध्ये भाकीतकारांचे सल्ले तपासले. एकंदरीत त्यांत निव्वळ योगायोगापेक्षा जास्त काही आढळले नाही.

दुसरा आक्षेप असा की खरा दोष कागदी चलनाचा; पैसा सोन्याचांदीचा असता तर तेजी-मंदी आलीच नसती. याला मुंबईनेच उत्तर दिले आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रुपया तेव्हा 180 ग्रेन वजनाचा, चांदीचा होता. तरीही सट्टा माजला. बॅकबे रेक्लमेशन या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचा 5 हजार रुपये भरलेला शेअर 50 हजारांपर्यंत चढला. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरचे निर्बंध सैल झाले होते आणि शेअर तारण ठेवून कर्जे सुटू लागली होती. शेअर गहाण टाकायचा, त्या पैशात दुसरा घ्यायचा, तोही गहाण टाकायचा. भाव चढता होता तोवर प्रत्येक कर्ज सुरक्षित दिसत होते. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली, कापूस घसरला आणि 1 जुलैला वायद्यांचा हिशेब चुकवण्याची वेळ आली तेव्हा भल्याभल्या पेढ्या बसल्या. तारणाची किंमत गेली, कर्ज तेवढेच राहिले. बँक 1868 मध्ये गुंडाळावी लागली. मुंबईतल्या या पडझडीच्या पुढच्याच वर्षी, 1866 मध्ये, सुवर्णचलनाच्या लंडनमध्येही ओव्हरएंड गर्नी ही बडी पेढी बुडाली.

मग इतिहासातून काहीच कळत नाही का? कळते, आणि तेच माझे मंडन आहे. लीच्या शरणागतीचा दिवस 1864 मध्ये कोणालाही सांगता आला नसता. पण युद्ध कधीतरी संपणार, कापूस उतरणार आणि शेअरवर शेअर रचून उभी राहिलेली कर्जे तो धक्का सोसणार नाहीत, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला तेव्हाही दिसण्यासारखे होते. ठिणगी कधी पडेल ते अज्ञात असते. दारूगोळा किती साठला आहे ते मोजता येते. त्यासाठी कर्ज किती वेगाने वाढते आहे, ते कशाच्या तारणावर दिले आहे आणि भाव निम्म्यावर आला तर कोण फेडणार, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

म्हणून मंदीची तारीख सांगणाऱ्याला फी देऊ नका. आपल्या बँकेला, पतपेढीला आणि स्वतःला हे तीन प्रश्न विचारा. तेजीच्या दिवसांतच विचारा. मंदी आल्यावर त्यांची उत्तरे आपोआप मिळतात, पण तोवर पैसे गेलेले असतात.