दुखण्याला जात असते, निर्गुडीला नसते

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील विहाराच्या मागच्या भिंतीलगत आम्ही निर्गुडीचे फाटे लावले. सोबत अडुळसा, गवती चहा, कोरफड, पानओवा आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस. पुढच्याच पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर विचारले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि आता विहारात तुळस? उद्या वृंदावनही बांधणार का?"

काही जण हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. या मुलाच्या आजीने धम्मदीक्षेनंतर दारातले वृंदावन स्वतःच्या हाताने फोडले होते. त्याला त्याचा अभिमान आहे, आम्हालाही आहे. आजीने फोडली ती पूजा. खोकल्याच्या काढ्यात चार पाने टाकणे ही पूजा नव्हे. दिवा नाही, प्रदक्षिणा नाही, लग्न तर नाहीच. एवढे सांगून त्या दिवशी आम्ही विषय संपवला. परंतु झाडपाला म्हटले की आयुर्वेद, आयुर्वेद म्हटले की ब्राह्मण्य, म्हणून ते आपले नाही, हे गणित आपल्या अनेक शिकलेल्या मुलांच्या डोक्यात आहे. त्याची नीट उलटतपासणी व्हायला हवी.

ज्या मनुस्मृतीचे बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला दहन केले, तिच्यात वैद्याविषयी काय लिहिले आहे? वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीला बसवू नये. त्याचे अन्न खाऊ नये, कारण ते पुवासारखे आहे. रोग्याच्या शरीराला, रक्ताला, जखमेला हात लावणारा माणूस त्या व्यवस्थेला अपवित्र वाटत होता. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी प्राचीन भारतातील विज्ञान आणि समाज या विषयावरच्या ग्रंथात याच धाग्याचा पाठपुरावा केला आहे. मग ज्यांनी वैद्याला पंक्तीतून उठवले, त्यांच्याच नावावर सगळी वनस्पतीविद्या आपण आपल्या हाताने का लिहून द्यायची?

उलट बौद्ध परंपरेत पाहा. विनयपिटकातील महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. हळद, आले अशी मुळे त्यात नावानिशी येतात. त्याच महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहातील गणिकेचे मूल, सुपात घालून उकिरड्यावर टाकलेले. राजकुमार अभयाने ते उचलून आणले. पुढे तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याला सांगितले, एका योजनाच्या परिसरात औषध नसलेली वनस्पती शोधून आण. तो रिकाम्या हाताने परत आला आणि शिक्षण पूर्ण झाले. उकिरड्यावरचे मूल बुद्धाचा वैद्य झाले, ही गोष्ट आपल्या बालसंस्कार वर्गात किती वेळा सांगितली जाते? आणि सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख तर सरळ लागवडीचाच आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपयोगी औषधी वनस्पती जिथे नव्हत्या, तिथे त्या आणवून लावल्या, असे तो सांगतो. औषधाची रोपे लावणे हे राज्याचे काम आहे, हा विचार या देशात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दगडावर कोरला गेला आहे.

हे झाले वारशाचे. आता शरीराचे बोलू.

आमच्याकडे निर्गुडीचा पाला न्यायला कोण येते? पहाटे चारला झाडू घेऊन निघणारी कंत्राटी सफाई कामगार. बिगारी काम करून मणके खिळखिळे झालेला काका. ऊसतोडीवरून परतलेली, तिशीतच गर्भपिशवी काढलेली ताई. बीड जिल्ह्यात 2019 साली 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यानंतरची कंबरदुखी, अंगातली आग, उडालेली झोप कुठल्या नोंदवहीत आहे? या माणसांना दवाखान्यात सांगतात, "आराम करा, ओझे उचलू नका." खाडा पडला की रोज बुडतो. म्हणून मेडिकलमधून एक गोळी, संध्याकाळी आणखी एक, अशी वर्षे निघतात. आणि वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या की पोट आणि मूत्रपिंड दोन्ही खराब होतात. गुडघा सगळ्यांचाच झिजतो, हे खरे. पण चाळिशीच्या आत कोणाचा झिजतो, हे जातीवर आणि कामावर ठरते.

अशा वेळी निर्गुडीचा पाला उकळून, त्या पाण्यात फडके पिळून गुडघ्याला शेक दिला तर रात्र बरी जाते. गरम शेकानेही स्नायू सैल होतात, तेव्हा सगळे श्रेय पाल्याला देऊ नये. झाड मात्र गरिबाच्या सोयीचे आहे. जूनमध्ये हातभर फाटा खोचला की जगतो, पाणी फारसे मागत नाही, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. नाल्याकाठची किंवा भंगार जाळलेल्या जागेची माती तेवढी घेऊ नये, तिच्यात शिसे असू शकते. ज्यांना मधुमेह आहे आणि तळपाय बधिर झालेत, त्यांना शेकाचे पाणी दुसऱ्याने हात घालून पाहिल्याशिवाय द्यायचे नाही, कारण भाजले तरी त्यांना कळत नाही. हा नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या मज्जातंतूंच्या वेदनाही होत्या. त्या वेदना सोसत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. आपल्या वस्त्यांत मधुमेह किती पसरला आहे, याकडे जयंतीच्या शिबिरांपलीकडे आपण कधी पाहतो?

पोटात घ्यायच्या औषधांबाबत आम्ही हात आखडता ठेवतो. "नैसर्गिक आहे, अपाय नाही" हे वाक्य व्हॉट्सॲपवरून येते तेव्हा कालामांना दिलेला उपदेश आठवावा. परंपरेने चालत आले म्हणून, कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा प्यायला गेला. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते नाकारले. आम्ही गुळवेल लावली नाही. बाजारातल्या 'सांधेदुखीवर रामबाण' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, म्हणून तीन दिवसांत चमत्कार करणारी पुडी दिसली की आम्ही ती डॉक्टरकडे घेऊन जायला सांगतो.

आता मनाचे. हा भाग आम्हाला सर्वात अवघड वाटतो. रोहित वेमुला, पायल तडवी ही नावे घेतल्यावर कोणी "ब्राह्मीचे तेल लावा, मन शांत होईल" म्हणाले, तर तो अपमान आहे. दुःखाला कारण असते हे आपल्याला बुद्धाने शिकवले, आणि इथे ते कारण वसतिगृहात, वर्गात, वॉर्डात बसलेले आहे.

तरीही एक गोष्ट आम्ही बागेतच शिकलो. एक मावशी तीन आठवडे पाला न्यायला येत होत्या. गुडघा, गुडघा आणि गुडघा. चौथ्या आठवड्यात पाने तोडता तोडता त्या म्हणाल्या, "पोरगा गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही बाळा." मुलगा जाऊन दोन वर्षे झाली होती. आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'मानसिक ताण : होय / नाही' असा रकाना होता, आणि त्यांनी 'नाही' सांगितले होते. समाजशास्त्राच्या एम. ए.ने आम्हाला जे शिकवले नाही, ते त्या पाच मिनिटांनी शिकवले. हात कामात असले की तोंड उघडते. त्या दिवशी आम्ही त्यांना गवती चहा पाजला, पण त्याला औषध म्हटले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेलो. आता गोळ्या सुरू आहेत आणि दर गुरुवारी झाडांना पाणीही त्याच घालतात. शासनाचा टेलि-मानस क्रमांक 14416 वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हता. तोही आता भिंतीवर आहे.

मध्यंतरी आरोग्य खात्यातले एक साहेब बाग पाहायला आले. कौतुक केले, फोटो काढले आणि जाताना म्हणाले, "छान! आता तुमच्या लोकांना दवाखान्याची गरजच कमी लागेल." इथेच सावध व्हायला हवे. श्रीमंताला गुडघ्याचे ऑपरेशन आणि आपल्याला पाला, हा वर्णव्यवस्थेचाच नवा प्रकार आहे. शेक हा रात्र काढण्यासाठी आहे, हक्क सोडण्यासाठी नाही. म्हणून त्याच आठवड्यात पालाचे गाठोडे घेऊन जाणाऱ्या सत्तावीस जणींच्या सह्या-अंगठ्यांसह आम्ही आरोग्य केंद्रात अर्ज दिला : आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट, मधुमेहाची नियमित तपासणी, आणि कंत्राटी सफाई कामगारांना भरपगारी आजारपणाची रजा.

तुळशीचे तेवढे राहिले. त्या तरुणाचे आम्ही निम्मे ऐकले. डबा विहाराच्या दारातून उचलून मागे निर्गुडीशेजारी ठेवला. तो अजून नाराज आहे, पण अर्जाचा मसुदा त्यानेच लिहिला. पोच आमच्याकडे आहे, उत्तर आलेले नाही. सोमवारी सकाळी अकराला पुन्हा जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी विहारात यावे.

जय भीम!