पेंटबॉल : मुलांना पाठवावे का?

शीव, धारावी, चुनाभट्टी या आमच्या भागातली मुले सुट्टी जवळ आली की आता पेंटबॉलचे नाव काढतात. मित्राने मोबाइलवर दाखवलेले असते, कुणाच्या चुलतभावाने लोणावळ्याला खेळलेले असते. मग पालक आमच्याकडे येतात आणि साधारण तीन प्रश्न विचारतात. इजा होते का? मुलांच्या हातात बंदूक द्यायची का? आणि त्या गोळीत जिलेटिन असते म्हणतात, तर कपडे पाक राहतात का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरे शोधण्याआधी हा खेळ समजून घेऊ.

आपल्या गल्लीतली आबाधोबी आठवा. चेंडू ज्याच्या पाठीत बसला तो बाद. त्यात डबा ऐसपैसचे लपणे मिसळा आणि चेंडूऐवजी रंगाची गोळी घ्या, म्हणजे पेंटबॉल. दोन संघ असतात. ज्याच्या अंगावर गोळी फुटून रंग उमटला, तो हात वर करून मैदानाबाहेर जातो. बहुतेक वेळा समोरच्या संघाचा झेंडा पळवून आणला की डाव जिंकला.

या खेळाचे मूळ जंगलखात्याच्या कामात आहे. अमेरिकेत तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून खूण करता यावी म्हणून रंगाची गोळी उडवणारे ‘नेल्स्पॉट’ नावाचे हत्यार वापरात होते. पुढे चार्ल्स गेन्स हे लेखक आणि हेज नोएल हे शेअर दलाल यांच्यात वाद जुंपला : रानात निभाव कुणाचा लागेल, शहरी माणसाचा की गावाकडच्या? तो सोडवायला बॉब गर्न्सी यांना सोबत घेऊन त्यांनी खेळाचे नियम बांधले आणि 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर येथे बारा जण रानात उतरले. प्रत्येक जण एकटा, बाकी सगळ्यांच्या विरुद्ध. जिंकला रिची व्हाइट हा रानात काम करणारा माणूस. त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि संपूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही. आम्ही वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. पण संयम ठेवणारा, कान देऊन ऐकणारा आणि जमिनीचा अंदाज घेणारा खेळाडू या खेळात आजही पुढे असतो.

आता इजेचे. नेहमीची गोळी 0.68 इंच व्यासाची, वजनाला सुमारे तीन ग्रॅम. वेगाची सर्वसाधारण मर्यादा सेकंदाला 300 फूट, म्हणजे ताशी जवळपास 330 किलोमीटर. शोएब अख्तरचा 2003 च्या विश्वचषकातला सर्वांत वेगवान चेंडू ताशी 161.3 किलोमीटरचा होता, म्हणजे ही गोळी त्याच्या दुप्पट वेगाने येते. मात्र क्रिकेटचा चेंडू तिच्यापेक्षा पन्नासपटीने जड असतो. म्हणून गोळी अंगावर बसली तर चांगली चुणचुणते, काळानिळा डाग पडतो, हाड मात्र सहसा मोडत नाही. खरा धोका डोळ्यांना आहे. उघड्या डोळ्यावर गोळी बसली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. मैदानात असेपर्यंत मुखवटा उतरवायचा नाही, काच धुक्याने भरली तरी नाही, घाम आला तरी नाही. काही दिसेनासे झाले तर हात वर करून बाहेर यायचे, मुखवटा तिथे काढायचा. लहान मुलांसाठी 0.50 इंची हलकी गोळी असते, ती मागून घ्यावी.

दुसरा प्रश्न बंदुकीचा. खेळणारे तिला ‘मार्कर’ म्हणतात, पण दिसते ती बंदुकीसारखीच. थट्टेतही आपल्या भावावर हत्यार रोखू नये, ही शिकवण आपल्या घराघरात आहे. या खेळाचा मैदानाबाहेरचा शिस्तीचा नियम त्याच्याशी जुळतो : मैदान सोडले की नळीवर आवरण चढवायचे, तोंड जमिनीकडे, कुणाकडेही रोखायचे नाही. तरीही ज्या पालकांचे मन मानत नाही, त्यांच्या नकाराचा आम्ही आदर करतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लष्करी रंगाचे कपडे, चेहऱ्यावर मुखवटा आणि हातात मार्कर असा आपल्या मुलाचा फोटो कुठल्या ग्रुपवर जाऊन कसा वाचला जाईल, हे आपल्या हातात नसते. असे लिहावे लागते याचे दुःख आहे, पण मुलांना हे आधी समजावून सांगा. मुखवटा काढून, रंगाने माखलेल्या मित्रांसोबतचा हसरा फोटो घरी दाखवायला पुरेसा आहे.

तिसरा प्रश्न जिलेटिनचा. गोळीचे वरचे आवरण जिलेटिनचे असते, औषधाच्या कॅप्सूलसारखे. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते, त्यात डुकराचेही असू शकते. आत पाण्यात विरघळणारा रंग आणि पॉलिइथिलिन ग्लायकॉल असते. जिलेटिन कशाचे ते आयोजकांना विचारावे, मसला आपल्या आलिमांना विचारावा. आमचा सल्ला साधा आहे : जुने कपडे घालून जा, वेगळा जोड सोबत ठेवा, नमाजच्या आधी धुऊन, बदलून घ्या.

मुलींचे काय, असेही विचारले जाते. या खेळात अंगभर, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडेच सांगितले जातात, कारण उघड्या त्वचेवर गोळी जास्त लागते. स्कार्फ घट्ट बांधून टोके आत खोचावीत, मुखवटा त्यावर नीट बसतो का ते पाहावे. दहा-बारा मुली एकत्र जमल्या तर त्यांच्यासाठी वेगळी वेळ मिळते का, ते विचारण्यात संकोच करू नये.

शिक्षक म्हणून या खेळात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली इमानदारी. पाठीला लागलेली गोळी कधीकधी पंचाला दिसत नाही. रंग हाताने पुसून खेळत राहणे सहज शक्य असते. जो मुलगा कुणी न पाहता स्वतः हात वर करतो, त्याची तरबियत तिथे दिसते. घरी आल्यावर ‘किती जणांना मारलेस?’ असे विचारण्यापेक्षा ‘स्वतःहून बाद झालास का?’ असे विचारून पाहा.

पैसे भरण्याआधी मात्र एवढे तपासा : मार्करचा वेग त्या दिवशी यंत्रावर मोजतात का, प्रत्येकाला तडा नसलेला पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा मिळतो का, मैदानाला जाळी आहे का, पंच पूर्णवेळ हजर असतो का, प्रथमोपचाराची सोय आहे का. संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. आणि खर्च झेपत नसेल तर मुलांना तसे मोकळेपणाने सांगा. रबरी चेंडू, दोन फडकी आणि शाळेचे मैदान एवढ्यावर झेंडा पळवण्याची आबाधोबी रविवारी सकाळी खेळता येते, आणि त्यात अब्बूंनाही उतरता येते.