पी.टी.चा तास म्हणजे मोकळा तास नव्हे

जून-जुलैत शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एका खास कामासाठी पालकांची वर्दळ वाढते. मुलाला ताप नसतो, खोकला नसतो. हवे असते ते सर्टिफिकेट. ‘डॉक्टरसाहेब, पी.टी.तून सूट मिळेल असे काहीतरी लिहून द्या. यंदा दहावी आहे, दमून येतो आणि पुस्तक उघडल्याबरोबर पेंगतो.’ मुलींच्या बाबतीत कारणे निराळी असतात. ‘उन्हात काळवंडते’, ‘अंगात ताकदच नाही’, ‘आता मोठी झाली, बरे दिसत नाही.’

माझे मत स्पष्ट आहे. खरा आजार असल्याखेरीज असे सर्टिफिकेट पालकांनी मागू नये आणि डॉक्टरांनी देऊ नये. मात्र पालकांची तक्रार अगदीच निराधार असते असेही नाही. पुष्कळ शाळांत हा तास ज्या पद्धतीने घेतला जातो, ती पाहिली की मूल घरी बसलेले बरे, असे कोणालाही वाटेल. म्हणून या तासाकडून अपेक्षा काय ठेवावी आणि त्याचे नियम काय असावेत, याचा विचार पालक आणि शिक्षक दोघांनीही करायला हवा.

गरज साठ मिनिटांची, मिळतात वीस

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. दम लागेल म्हणजे किती? बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतका.

आता शाळेचे वेळापत्रक पाहा. आठवड्यातून दोन-तीन तास, तेही पस्तीस-चाळीस मिनिटांचे. वर्गातून मैदानावर येणे, रांग लावणे, हजेरी घेणे यात दहा-पंधरा मिनिटे जातात. त्यात पोर्शन मागे पडला की गणिताचे सर तोच तास मागून घेतात. मराठी किंवा विज्ञानाचा तास कोणी असा उसना घेत नाही. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करीत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते. आपली मुले याला अपवाद असतील, असे मानायला मला तरी जागा दिसत नाही.

शहागंज, चेलीपुरा, सिटी चौक हा आपला दाट वस्तीचा जुना भाग. घराला अंगण नाही. दाराबाहेर पाऊल टाकले की रिक्षा, हातगाड्या आणि मोटारसायकली. इथल्या अनेक मुलांना, आणि मुलींना तर विशेषच, मोकळेपणाने धावण्याची जागा म्हणून फक्त शाळेचे मैदान उरले आहे. तो तास गेला की सारेच गेले.

हे वय पुन्हा येत नाही. हाडांची बहुतेक भरणी वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत होते. उड्या, धावणे, ओढाओढी यांनी हाडाला काम मिळते आणि ते घट्ट होते. पन्नाशीनंतर ठिसूळ झालेल्या हाडांचा पाया याच वयात घातला गेलेला असतो. दहावीच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत जवळच्या नजरेचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. आणि खेळून दमलेला मुलगा रात्री गाढ झोपतो. पाठ केलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच.

तास सर्वांचा, टीमचा नव्हे

आपल्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पी.टी.चा तास विजेते घडवण्यासाठी नाही. वर्गातल्या साठ मुलांपैकी बारा जण खेळतात आणि अठ्ठेचाळीस कडेला बसून टाळ्या वाजवतात, तो तास आरोग्याच्या हिशेबी वाया गेला.

आपल्या राज्यात नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे. ही श्रेणी कोण पहिला आला यावर देऊ नये. हजेरी, प्रयत्न आणि जूनपेक्षा मार्चमध्ये झालेली प्रगती यावर द्यावी. जाड मुलगा दोन फेऱ्यांऐवजी तीन फेऱ्या मारू लागला, तर तोच खरा उत्तीर्ण. त्याला ‘ढोल्या’ म्हणून वर्गाला हसवणारा शिक्षक त्याला जन्मभर व्यायामापासून तोडतो.

साधने नाहीत, ही सबब मला पटत नाही. खो-खोला दोन खांब लागतात, कबड्डीला चुन्याच्या रेघा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवले, ते काही महागड्या यंत्रांच्या जोरावर नव्हे. मैदान लहान असेल तर सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, लंगडी आहेच. अधूनमधून वर्ग आमखास मैदानावर न्यायलाही हरकत नसावी.

मैदानावरचे नियम

१) वेळ. मराठवाड्यातले ऊन मुलांचे लाड करत नाही. मार्चपासून पुढे पी.टी.चा तास सकाळच्या पहिल्या दोन तासांतच ठेवावा. दुपारी बारानंतर मैदानावर नेऊच नये.

२) पाणी. तासाआधी आणि तासानंतर पाणी प्यावे. मध्येही दोन घोट घेण्याची मुभा हवी. ‘खेळताना पाणी पिऊ नये’ हा समज चुकीचा आहे. उन्हात तो घातक ठरतो.

३) सुरुवात आणि शेवट. पहिली पाच-सात मिनिटे हलके धावणे आणि सांधे मोकळे करणे. शेवटी एकदम खाली न बसता सावकाश चालणे.

४) पोट आणि पाय. उपाशीपोटी पळू नये आणि डबा खाल्ल्यावर लगेचही पळू नये. साधे कॅनव्हासचे बूट पुरतात. खडे-काचा वेचलेल्या मातीवर अनवाणी कबड्डी चालेल, तापलेल्या सिमेंटवर नाही.

५) चक्कर आल्यास. मुलाला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत. उन्हाचा त्रास असेल तर अंग ओल्या कपड्याने पुसून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. मूल असंबद्ध बोलू लागले तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठावा. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. मुलाला कुशीवर वळवावे आणि तोंडात काहीही घालू नये.

व्यायाम ही शिक्षा नव्हे

गृहपाठ केला नाही, घाला मैदानाला दहा फेऱ्या. उशिरा आला, काढ शंभर उठाबशा. ही पद्धत अजून संपलेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी वैद्यकीय धोका समजून घ्या. सवय नसताना एकदम शेकड्यांनी उठाबशा काढल्या तर मांड्यांचे स्नायू आतून फुटतात. त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात अडकू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात आणि लघवी चहाच्या रंगाची होते. अशा वेळी मालिश करीत बसू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. शिवाय जी गोष्ट शिक्षा म्हणून शिकवली जाते, ती मोठेपणी आवडीने कोण करील?

मुलींना कडेला बसवू नका

‘अंगात ताकद नाही’ ही पुष्कळ मुलींची तक्रार खरी असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. पण त्यावर उपाय सूट हा नाही. हिमोग्लोबिन तपासा. १२ ग्रॅमच्या खाली असेल तर उपचार करा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीतून फेकली जाते, ती पोटात जाऊ द्या. जेवणात भाजी, डाळ, गूळ-शेंगदाणे आणि लिंबू असू द्या. दोन-तीन महिन्यांत तीच मुलगी दम न लागता धावू लागते.

पाळीच्या दिवसांत खेळू नये, हाही गैरसमजच. हलक्या व्यायामाने पोटदुखी उलट कमी होते. मात्र त्या दिवशी खेळायचे की नाही हे त्या मुलीने ठरवावे. तिला सर्वांसमोर कारण विचारू नये. ‘आज बरे वाटत नाही’ एवढे तिचे सांगणे पुरेसे मानावे. स्वच्छतागृहात पाणी असणे हाही पी.टी.च्या तासाचाच नियम आहे. आणि ‘मोठी झाली’ म्हणून खेळ बंद करणाऱ्या आई-वडिलांना एवढेच सांगेन, की मोठी झाली म्हणूनच तिला आता मजबूत हाडांची आणि भरपूर रक्ताची अधिक गरज आहे.

खरी सूट कोणाला?

ताप असताना आणि टायफॉइड, डेंग्यू, कावीळ यांतून उठल्यावर डॉक्टर सांगतील तोवर विश्रांती हवी. पळताना छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, सांधेदुखीच्या तापानंतर लागणारी धाप किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक झालेला मृत्यू, अशी माहिती असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मैदानात उतरू नये. दम्याच्या मुलाला मात्र कायमची सूट नको. दमा आटोक्यात असेल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पंप घेतला, तर तो इतरांसारखाच खेळू शकतो. पंप दप्तरात नव्हे, मैदानावर हाताशी हवा. अपंग मुलाच्या हाती नुसती गुणांची वही देऊन त्याला बाजूला बसवू नये. त्याला जमेल तो व्यायाम नेमून द्यावा.

म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘सूट द्यावी’ असे मोघम लिहिलेले नसावे. काय करू नये, काय करता येईल आणि किती आठवडे, एवढे तीन मुद्दे त्यात असावेत. शिक्षकांनीही तशीच चिठ्ठी मागावी.

पालकहो, येत्या पालकसभेला गणिताच्या आणि इंग्रजीच्या गुणांची चौकशी करून झाली की एक प्रश्न आणखी विचारा : या महिन्यात पी.टी.चे तास किती झाले आणि त्यात माझे मूल किती वेळ धावले? चार पालकांनी जरी हा प्रश्न विचारला, तरी पुढच्या महिन्यात तो तास उसना मागायला कोणी धजणार नाही.